भिंतीवरचे आचार्य आणि सत्तेचे सोपे वाचन

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश चित्रकलेत एक प्रकार असा आहे की ज्याविषयी मत देण्यासाठी चित्राकडे पाहावे लागते असे कोणत्याच पंथाच्या समीक्षकाला वाटत नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील महाविद्यालयांनी आपल्या प्रमुखांची सांगून करवून घेतलेली व्यक्तिचित्रे हा तो प्रकार. कलावादी समीक्षक त्यांना ‘मागणीचा माल’ म्हणून बाजूला सारतो. सिद्धान्तनिष्ठ समीक्षक त्यांच्याकडे परत येतो, पण तोही चित्र पाहायला नव्हे, तर आपला निष्कर्ष टांगायला भिंत हवी म्हणून. वृद्ध पुरुष, जड खुर्ची, झगा, काळोखी पार्श्वभूमी; म्हणजेच संस्था, पुरुषसत्ता, ज्ञानाची मक्तेदारी आणि साम्राज्य. हा अन्वयार्थ इतका तयार असतो की चित्र बदलले तरी वाक्ये बदलत नाहीत. ज्या वाचनात हर्कोमर, वॉट्स आणि कोणी तिसराच सुमार चित्रकार यांत काहीच फरक पडत नाही, ते वाचन चित्राचे नसते. ते चित्राखालच्या पितळी पाटीचे असते.

या सोप्या वाचनाचे कूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. जॉन बर्जर यांनी ‘वेज ऑफ सीइंग’मध्ये (१९७२) फ्रान्स हाल्सच्या हार्लेममधील वृद्धाश्रमाच्या विश्वस्तांच्या चित्रांविषयी जो वाद घातला, तो गेल्या काही दशकांत मराठी चर्चेतही उसनवारीने फिरला आहे. बर्जर यांचा मुद्दा त्या चित्रांपुरता बिनतोड होता. १६६४ साली ही चित्रे काढणारा हाल्स ऐंशी ओलांडलेला आणि निष्कांचन होता. त्या वर्षी सार्वजनिक दानातून मिळालेल्या पीटच्या तीन गाड्यांवर त्याने थंडी काढली. दान देणाऱ्या वर्गाची माणसे समोर बसलेली आणि दान घेणारा त्यांचे चेहरे रंगवतो आहे, हा त्या चित्रातला खरा प्रसंग. कलेतिहासकार त्याविषयी न बोलता रंगसंगती आणि ‘मानवी अवस्था’ यांविषयी बोलतात, यावर बर्जर यांचा राग होता आणि तो रास्त होता. परंतु हा युक्तिवाद उभा आहे तो एका चित्रकाराच्या, एका वर्षाच्या, एका दानाच्या तपशिलावर. तो तपशील काढून टाकला की उरते ते केवळ ‘चित्रकार विरुद्ध सत्ता’ हे सूत्र. हे सूत्र घेऊन जे ट्रिनिटीच्या भोजनगृहात शिरतात, त्यांनी बर्जर यांचा निष्कर्ष तेवढा उचलला आहे. त्यांची शिस्त मागेच राहिली आहे.

ही शिस्त पाळायची तर पहिला प्रश्न असा असायला हवा : चित्र कोणी सांगितले आणि पैसे कोणी दिले? एरवीच्या व्यक्तिचित्रात गिऱ्हाईक आणि चेहरा बहुधा एकाच घरचे असतात. सरदार आपले, आपल्या पत्नीचे किंवा आपल्या घोड्याचे चित्र काढून घेतो आणि आपल्याच दिवाणखान्यात लावतो. तैलचित्र म्हणजे मालकीचे दर्शन, ही बर्जर यांचीच दुसरी उपपत्ती, तेथे पुष्कळशी लागू पडते. महाविद्यालयीन चित्रात मात्र बसणारा एक, पैसे देणारे अनेक आणि मालक तिसराच. पैसे बहुधा वर्गणीने जमत. आजी-माजी विद्यार्थी, फेलो, स्नेही यांची समिती, एक खजिनदार, चित्रकाराची निवड, रॉयल अकॅडमीच्या वार्षिक प्रदर्शनातील मांडणी आणि मग समारंभपूर्वक अर्पण, असा तो रिवाज होता. कधी त्याच्या जोडीला वर्गणीदारांसाठी छापचित्रही निघे. ज्याचा चेहरा रंगला, त्याच्या मालकीचे ते चित्र कधीच होत नसे. (वर्गणीचा हा व्यवहार मुंबईला अपरिचित नाही. १८२७ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबई सोडून निघाला, तेव्हा नागरिकांनी वर्गणी काढून अध्यापकपदांसाठी निधी उभारला आणि त्यातूनच पुढे एल्फिन्स्टन कॉलेज आले. टाऊन हॉलमध्ये उभा असलेला चँट्रीने घडवलेला त्याचा पुतळा सर्वांना दिसतो. त्या निधीची आठवण अभ्यासकांपुरतीच उरली.)

वर्गणीदार कोण होते आणि त्यांना हे चित्र का हवे होते, याचे उत्तर महाविद्यालयाच्या घटनेत आहे. विद्यापीठांविषयीचा १८७७ चा कायदा आणि त्यानंतर १८८२ साली आलेले नवे नियम यांच्याआधी बहुतेक फेलोंना विवाह करताच फेलोपद सोडावे लागे. मास्टर, डीन, रेक्टर, प्रोव्होस्ट अशा नाना नावांनी ओळखला जाणारा प्रमुख मात्र विवाह करू शके आणि सामान्यतः तहहयात पदावर राही. म्हणजे महाविद्यालयातली इतर माणसे येत आणि जात. विवाह करून दूरच्या खेड्यातल्या चर्चमध्ये उपजीविका शोधत. आणि वीस-तीस वर्षांनी परत आली की तेथे ओळखीचा असा एकच चेहरा उरलेला असे. मॉडलिनचा मार्टिन रूथ १७९१ ते १८५४ अशी त्रेसष्ट वर्षे अध्यक्षपदी होता आणि वयाच्या शंभराव्या वर्षात, पदावर असतानाच वारला. अशा माणसाचे चित्र सांगणाऱ्या माजी विद्यार्थ्याला सत्तेपुढे नतमस्तक व्हायचे होते, की आपल्या तारुण्याचा एकमेव साक्षीदार टिकवून ठेवायचा होता? दोन्ही असू शकेल. पण दुसरी शक्यता ज्याच्या मनातही येत नाही, त्याला या प्रकारातील शोकाचा सूर ऐकूच येणार नाही. आणि तहहयात पदाचा आणखी एक परिणाम गमतीचा आहे : निवृत्ती नसल्यामुळे चित्र हयातीतच लागे, आणि प्रमुख आपल्याच प्रतिमेच्या नजरेखाली जेवत राही.

आता एक चित्र घ्यावे. ट्रिनिटी, केंब्रिजचा मास्टर विल्यम हेपवर्थ टॉम्सन याचे ह्यूबर्ट हर्कोमरने १८८१ साली काढलेले हे व्यक्तिचित्र. टॉम्सन आपल्या जिभेसाठी प्रसिद्ध होता. थंड आणि नेमक्या उपरोधाने त्याने अनेकांना घायाळ केले होते. हर्कोमरने ते सारे त्याच्या चेहऱ्यात उतरवले. हे चित्र पाहून, ‘आपण सगळ्या जगाकडे खरोखरच इतक्या तुच्छतेने पाहतो का?’ अशा अर्थाचा प्रश्न टॉम्सननेच विचारला, अशी आख्यायिका केंब्रिजमध्ये सांगितली जाते. आख्यायिका खरी असो वा नसो, ती रचली गेली आणि टिकली हेच पुरेसे बोलके आहे. गौरवासाठी सांगितलेल्या चित्रात तुच्छता दिसते हे सर्वांना कळले होते. बसणाऱ्यालाही कळले होते. आणि तरीही चित्र नाकारले गेले नाही, ते महाविद्यालयाच्या संग्रहात राहिले. ‘मागणीचा माल’ म्हणणाऱ्याला हे कोडे सुटत नाही, कारण त्याच्या मते मागणीचा माल खुशामतच करतो. ‘सत्तेचे साधन’ म्हणणाऱ्यालाही ते सुटत नाही. ज्या साधनातून सत्ताधाऱ्याचा दोषच जगाला दिसतो आणि ज्याची चेष्टा पिढ्यान्‌पिढ्या चालते, ते साधन कसले?

हर्कोमर हा हाल्स नव्हता, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. बव्हेरियातील वाल या गावी १८४९ साली जन्मलेला हा गरीब लाकूडकामगाराचा मुलगा पुढे बुशी येथे स्वतःची कलाशाळा चालवू लागला, स्वतःसाठी भव्य वास्तू बांधू शकला आणि १८८५ मध्ये रस्किननंतर ऑक्सफर्डच्या स्लेड अध्यासनावर बसला. चित्रकार दीन आणि बसणारा समर्थ, हा हार्लेमचा प्रसंग येथे उलटा झाला आहे. केंब्रिजबाहेर ज्याला फारसे कोणी ओळखत नाही असा एक आजारी वृद्ध प्राध्यापक लंडनच्या नामांकित चित्रकारापुढे बसतो. त्या खोलीत सत्ता कोणाची?

पण महत्त्वाचे ते याच्याही पुढे आहे. हर्कोमरचे नाव झाले ते ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकातील लाकडी ठशांच्या चित्रांमुळे, ज्यांचा व्हॅन गॉग मोठा चाहता होता, आणि ‘द लास्ट मस्टर’ या १८७५ च्या चित्रामुळे. चेल्सीच्या सैनिकी आश्रमातील पेन्शनर लाल डगल्यांत चर्चच्या बाकांवर रांगेने बसले आहेत. त्यांतील एक प्रार्थना चालू असतानाच गतप्राण झाला आहे आणि शेजारचा त्याची नाडी पाहतो आहे. १८७८ साली त्याने वेस्टमिन्स्टरच्या अनाथगृहातील वृद्ध स्त्रिया रंगवल्या. या दोन चित्रांनंतर टॉम्सनचे चित्र पाहिले की ‘गरिबांचा चित्रकार श्रीमंतांना विकला गेला’ ही नेहमीची हळहळ अपुरी वाटू लागते. विषय तोच आहे : संस्थेत म्हातारा झालेला माणूस. संस्थेने दिलेला कपडा, संस्थेने दिलेले आसन, आणि त्या दोहोंमध्ये उरलेला चेहरा. पेन्शनरचा लाल डगला आणि मास्टरचा झगा या एकाच व्याकरणातील दोन संज्ञा आहेत. चिन्हव्यवस्थेचे नाव उठताबसता घेणाऱ्या समीक्षेने हे साम्य कधीच टिपायला हवे होते. ते टिपले गेले नाही, कारण पेन्शनरचे चित्र ‘करुणा’ या रकान्यात आणि मास्टरचे चित्र ‘वर्चस्व’ या रकान्यात आधीच भरून झाले होते.

हर्कोमर एकटाच या वाटेने गेला असेही नाही. फ्रँक हॉलने १८७८ मध्ये न्यूगेट तुरुंगात आप्तांना भेटायला आलेल्या कुटुंबांचे चित्र काढले आणि त्यानंतर उरलेल्या दहाएक वर्षांत सुमारे दोनशे व्यक्तिचित्रे करून १८८८ साली, पंचेचाळिशीही गाठण्यापूर्वी तो वारला. मागणीने त्याला श्रीमंत केले आणि समकालीनांच्या मते मागणीनेच त्याला संपवले. व्यक्तिचित्राच्या अर्थव्यवस्थेविषयी बोलायचेच असेल तर ते येथून सुरू करता येईल.

सत्तावाचनाचा सर्वांत लाडका विषय म्हणजे बेलियलचा मास्टर बेंजामिन जाउएट. येथे पुरावा भरपूर असल्याचे दिसते. भारतातील सनदी सेवेसाठी स्पर्धापरीक्षा सुचवणाऱ्या १८५४ च्या मेकॉले समितीचा तो सभासद होता. लॅन्सडाउन, एल्गिन आणि कर्झन हे १८८८ ते १९०५ या काळातले एकामागून एक तिन्ही व्हाइसरॉय बेलियलचे. तेव्हा जी. एफ. वॉट्सने १८८९ साली काढलेले जाउएटचे चित्र म्हणजे साम्राज्याचा आरसा, हे समीकरण मांडायला वेळ लागत नाही. परंतु या समीकरणात चित्राचे काम काय आहे? जाउएटचा साम्राज्याशी संबंध होता तो परीक्षेच्या नियमांतून, गुणपत्रकांतून, शिफारसपत्रांतून. हा सारा व्यवहार कागदावर चालला आणि चित्र लागण्याच्या तीन दशके आधीच रूढ झाला. चित्र आले तेव्हा जाउएट बहात्तर वर्षांचा होता. शिवाय याच जाउएटला त्याच्या धर्मविषयक मतांमुळे ग्रीकच्या राजनियुक्त प्राध्यापकपदाचे वाढीव वेतन ऑक्सफर्डने १८६५ पर्यंत नाकारले होते. दहा वर्षे तो चाळीस पौंडांवर शिकवत होता. त्याला आत घेणारी आणि बाहेर ठेवणारी संस्था एकच. हे सगळे ठाऊक असूनही जो समीक्षक सत्तेचा शोध रंगांच्या थरात घेतो, तो साप म्हणून भुई धोपटतो. ज्या मराठी वाचकाच्या दोन पिढ्या त्या परीक्षेच्या छायेत गेल्या, त्याला तरी सत्ता कोठे राहते हे कागदाकडे बोट दाखवून सांगता आले पाहिजे.

याचा अर्थ कलावाद्यांचे बरोबर आहे असा नव्हे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’त (१९७४) सौंदर्यसंकल्पनेचे दोन ध्रुव दाखवून दिल्यानंतरही मराठीत एक समजूत शिल्लक आहे : हेतू बाहेरून आला की कलाकृती मलिन होते. ही समजूत व्यक्तिचित्राला लावली की टिशियनपासून वेलाझ्केझपर्यंत कोणीच उरत नाही. गंमत अशी की मराठीत ‘व्यक्तिचित्र’ हा शब्द वाङ्मयप्रकारालाही लावला जातो, आणि तेथे कोणी सांगून लिहून घेत नाही असे आपण गृहीत धरतो. म्हणून त्याच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या तैलचित्रातला सौदा आपल्याला अधिकच अशुद्ध वाटतो. सौदा नसला की सत्य येते, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. लिटन स्ट्रेचीने ‘एमिनंट व्हिक्टोरियन्स’मध्ये (१९१८) रग्बीच्या थॉमस आर्नल्डचे जे शब्दचित्र काढले, ते कोणाच्याही मागणीवरून नव्हते. त्याने आर्नल्डचे पाय जरा आखूड करून टाकले, आणि त्याला आधार काय हे कोणालाच सापडलेले नाही. उलट टॉमस फिलिप्सने १८३९ मध्ये आर्नल्डला समोर बसवून त्याचे चित्र केले होते. मूर्तिभंजकाचा मोकळा हात जेथे कल्पनेने चालला, तेथे पोटार्थी चित्रकाराला निदान समोरच्या माणसाकडे पाहावे तरी लागले.

या प्रकाराची खरी कसोटी मात्र पुरुषांच्या महाविद्यालयांत नाही. गर्टन १८६९ मध्ये आणि न्यूनम १८७१ मध्ये सुरू झाले, आणि या संस्थांनीही दोन दशकांच्या आत व्यक्तिचित्रे सांगायला सुरुवात केली. रुडॉल्फ लेहमनचे एमिली डेव्हिस (१८८०); न्यूनमच्या पहिल्या प्राचार्या ॲन क्लफ यांची दोन चित्रे, एक विल्यम ब्लेक रिचमंडचे (१८८२) आणि दुसरे जे. जे. शॅननचे (१८९०), शॅननचेच एलिनॉर सिजविक (१८८९), ज्या तोवर प्राचार्या झालेल्याही नव्हत्या. आता सत्तावाचनाने या चित्रांचे काय करायचे? प्रकार तोच, सौदा तोच, भोजनगृहाची भिंत तीच. पण झगा नाही. स्त्रियांना पदवीच नव्हती, तर पदवीचा झगा कोठून येणार? पुरुषाच्या चित्रात अर्धे काम झगा करतो. चित्रकाराने चेहऱ्यात कुचराई केली तरी अधिकार कापडातून सिद्ध होतो. स्त्रीच्या चित्रात ही सोय नाही. जो अधिकार विद्यापीठाने कागदावर नाकारला आहे, तो चित्रकाराला केवळ चेहरा, हात आणि घरगुती वाटेल असा पोशाख यांतून उभा करावा लागतो. आणि वर्गणी देणाऱ्या विद्यार्थिनी जणू विद्यापीठाला सांगत असतात : तुम्ही देत नसाल, तर आम्ही टांगून दाखवतो.

हे टांगणे निरुपद्रवी नव्हते. १८९७ साली स्त्रियांना पदव्यांचे नामाभिधान देण्याचा प्रस्ताव केंब्रिजमध्ये मताला आला, तेव्हा सेनेट हाउससमोरच्या रस्त्यावर विरोधकांनी सायकलवर बसलेल्या स्त्रीची बाहुली उंच टांगली होती. प्रस्ताव मोठ्या मताधिक्याने पडला. बाहुली खाली ओढून फाडली गेली आणि तिचे अवशेष न्यूनमच्या फाटकापर्यंत नेऊन टाकण्यात आले. फाटकाच्या आत क्लफबाईंची दोन चित्रे तेव्हा होतीच. एकाच गावात, एकाच दशकात, स्त्रीची प्रतिमा टांगण्याचे हे दोन प्रकार. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये. ‘संस्थात्मक व्यक्तिचित्र म्हणजे प्रस्थापिताचा उद्घोष’ या वाक्याला या घटनाक्रमात जागा कोठे आहे, हे ते वाक्य लिहिणाऱ्यांनी दाखवावे.

ऑक्सफर्डच्या हर्टफर्ड महाविद्यालयाने २०१४ साली, स्त्रियांच्या प्रवेशाला चाळीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने, भोजनगृहातील पुरुषांची चित्रे उतरवून स्त्रियांची छायाचित्रे लावली. त्यावर ‘परंपरेचा अवमान’ आणि ‘भिंतींची मुक्ती’ असे दोन्ही घोष झाले. नवी छायाचित्रेही सांगूनच काढून घेतलेली होती, हे दोन्ही पक्षांच्या लेखी गौणच राहिले.

मराठी अभ्यासकाला या प्रश्नात शिरण्यासाठी स्वतःचे असे एक दार आहे, आणि ते सैद्धान्तिक नाही. शॅननने १८९३ साली चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांचे चित्र काढले. या बीलबाईंच्या महाविद्यालयात पंडिता रमाबाई १८८४ ते १८८६ या काळात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. दोघींमधला पत्रव्यवहार ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला आहे. रमाबाईंनी पुरुषांना शिकवू नये असा आक्षेप चर्चच्या अधिकाऱ्यांनी घेतला, तेव्हा बीलबाई त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्याच बीलबाईंशी रमाबाई धर्मसिद्धान्तांवर पत्रांतून वाद घालत होत्या. शंका विचारत होत्या, उत्तर पटले नाही तर तसे स्पष्ट लिहीत होत्या. या पत्रांतली बील अधिकारी आहे, अडलेली आहे, समजूत घालणारी आहे आणि आपल्या विद्यार्थिनीला ती पुरी ओळखत नाही. जो समीक्षक ही पत्रे आणि ते चित्र समोरासमोर ठेवील, त्याला चित्राने काय घेतले आणि काय वगळले हे नेमके सांगता येईल. मराठीत हे काम अजून व्हायचे आहे. बर्जर यांचे अवतरण मात्र कितीदा दिले गेले याची गणती नाही. चेल्टनहॅममध्ये ते चित्र तयार झाले, त्याच १८९३ साली पुण्यात शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले होते.